कोयता म्हणजे किती माणसे?

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाची नोंद फार बारकाईने ठेवलेली असते. कोणत्या गावात, कोणत्या गटनंबरात, कोणत्या जातीचा ऊस किती क्षेत्रावर आहे. लागण आडसाली, पूर्वहंगामी की सुरू. की तो खोडवा आहे. लागणीची तारीख कोणती. पक्वता कितपत आली. तोड कधी द्यायची. गाडी काट्यावर केव्हा आली आणि वजन किती भरले, या साऱ्याची नोंद असते. मात्र हा ऊस ज्यांनी तोडला ती माणसे किती होती, असे विचारले तर उत्तर माणसांत मिळत नाही, कोयत्यांत मिळते. 'यंदा आमच्याकडे बाराशे कोयते आहेत,' असे सांगितले जाते.

कोयता हे ऊस तोडण्याचे हत्यार. पण हिशेबाच्या भाषेत कोयता म्हणजे एक जोडी, बहुधा नवरा आणि बायको. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. जोडीबरोबर लहान मुले असली आणि त्यांचे हात मोळ्या बांधायला लागले, तरी कोयता एकच राहतो.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की मोजमापाचे पहिले पाऊल म्हणजे एककाची निवड. एकक चुकीचे निवडले तर पुढची आकडेमोड कितीही अचूक असली तरी उत्तर कामाचे नसते. महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या हंगामी कामगारवर्गाची मोजणी अशाच एका एककावर अडून राहिली, तिचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. त्याच्या मध्यभागी आहे बीड जिल्हा, कारण ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून त्याचीच ओळख सर्वांत ठळक आहे.

साखर वाट पाहत नाही

कारखान्याला माणसांची गरज इतक्या नेमक्या वेळी का लागते, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल.

थंड आणि कोरड्या हवेत उसाची वाढ मंदावते आणि कांड्यांमध्ये सुक्रोज साठू लागते. म्हणून महाराष्ट्रात गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. उसाचा बुडखा सर्वांत गोड आणि शेंडा सर्वांत अळणी असतो. म्हणून तोड जमिनीलगत घ्यायची आणि शेंड्याकडचे वाढे छाटून टाकायचे, अशी पद्धत आहे. जमिनीलगत तोड म्हणजे दिवसभर कमरेत वाकलेला देह.

ऊस तुटला की घड्याळ सुरू होते. उसातीलच इन्व्हर्टेज नावाचे विकर सुक्रोजचे विघटन करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार करते. या दोन्ही शर्करा गोडच आहेत, पण कारखान्यात त्यांचे स्फटिक बनत नाहीत. त्या मळीत जातात आणि उलट सुक्रोजच्या स्फटिकीभवनात अडथळा आणतात. जिवाणूही आपले काम सुरू करतात. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला जावा, असा आग्रह असतो. उसाचा ढीग करून ठेवणे परवडत नाही. रोज जेवढे गाळायचे तेवढेच रोज तुटले पाहिजे, कमीही नाही आणि जास्तही नाही.

रोज २,५०० टन गाळणारा कारखाना घेऊ. एक जोडी दिवसाला सरासरी दोन टन ऊस तोडते, साळते, बांधते आणि भरते असे मानू. म्हणजे रोज १,२५० जोड्या, २,५०० माणसे, आणि तीही न चुकता पाच-सहा महिने. यातले दोनशे कोयते अचानक कमी झाले तर चारशे टनांची तूट पडते आणि गाळप रखडते. यंत्रसामग्रीइतकाच हा मनुष्यबळाचा हिशेब कारखान्याच्या जिवावरचा आहे.

तरीही कारखान्याने हा हिशेब स्वतःकडे ठेवला नाही. त्याने तो मुकादमाकडे सोपवला.

बालाघाट ते ऊसपट्टा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्ह्याचे भूगोलाने दोन भाग पाडले आहेत. उत्तरेस गोदावरीकाठची गंगथडी, म्हणजे गेवराई, माजलगाव, परळीकडची काळी जमीन. दक्षिणेस आणि पश्चिमेस बालाघाटचे डोंगरपठार, म्हणजे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केजकडचा भाग. इथे मातीचा थर पातळ, पाऊस बेभरवशाचा, विहिरीला पाणी जेमतेम. खरिपाची बाजरी निघाली की पुढचे सहा महिने हाताला काम नाही.

त्याच काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात वेगळीच गोष्ट घडत होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढील दशकांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत कारखाने वाढत गेले. कारखान्याचे सभासद होते शेतकरी. सभासदाची नोंद, भागभांडवल, ऊस, मत, हे सगळे सहकारी कायद्याने ठरलेले होते. तोडणाऱ्याला मात्र या चौकटीत जागा नव्हती. तो ना सभासद, ना कारखान्याचा नोकर.

१९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटावरून ऊसपट्ट्याकडे जाणारा ओघ वाढला. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, पुढे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे निघू लागली. गावात म्हातारी माणसे, काही मुले आणि कुलुपे उरत. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की माणसे परत येत.

पुढे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात माजलगावचे धरण झाले, बीड जिल्ह्यातही ऊस वाढला आणि कारखाने उभे राहिले. पण बाहेर जाणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. याचे एक कारण डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांच्या अभ्यासातून कळते. १९७० च्या दशकात त्यांनी दक्षिण गुजरातमधील बारडोली परिसरात खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला. तेथे स्थानिक मजूर हाताशी असूनही बाहेरचे मजूर आणले जात होते. बाहेरून आलेला माणूस फडाजवळच राहतो, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठतो, घरच्या कामासाठी रजा मागत नाही आणि उचल फिटेपर्यंत हलत नाही. म्हणजे परका असणे हाच त्याचा 'गुण' ठरत होता.

मुकादमाची वही

उचल हा या व्यवस्थेचा कणा आहे. हंगामापूर्वी मुकादम कारखान्याच्या किंवा वाहतूकदाराच्या पैशातून प्रत्येक कोयत्याला आगाऊ रक्कम देतो आणि हंगामभर तोडलेल्या टनांच्या मजुरीतून ती वळती करतो. हंगामाअखेर काही शिल्लक राहिली तर ती मजुराची, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. एखाद्या दिवशी काम चुकले तर खाडा लागतो, म्हणजे उलट दंड.

हा सारा तपशील मुकादमाच्या वहीत असतो. कोण आले, कोण नाही, कोणाकडे किती बाकी, कोणत्या गावात कोणाची गरज मोठी आहे. आज मोठ्या संस्था ज्याला मनुष्यबळाच्या माहितीचे विश्लेषण म्हणतात, त्याचा पुरेपूर ऐवज या वहीत आहे. फरक इतकाच की ती वही कारखान्याची नाही, सरकारची नाही आणि मजुराचीही नाही. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती सत्ता.

या वहीत बाई कुठे आहे? उचल नवऱ्याच्या नावावर. कोयता नवऱ्याच्या नावावर. मजुरी टनावर आणि तीही जोडीला मिळून. पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढणे, त्याआधी पहाटे कोपीतला स्वयंपाक आणि पाणी. हे काम निम्मे किंवा त्याहून जास्त असले तरी नोंदीत ती कोयत्याचा न लिहिलेला अर्धा भाग असते.

मजुरी टनावर ठरल्याचा आणखी एक परिणाम आहे. किमान वेतनाचा कायदा पाळला गेला की नाही हे तपासायचे तर माणसे किती आणि तास किती हे कळायला हवे. आपल्याकडे आहेत टन आणि कोयते. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी संप आणि 'कोयता बंद' आंदोलने केली, साखर संघाशी करार झाले, दर वाढत गेले. जानेवारी २०२४ मधील करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. पण एकक तेच राहिले: प्रति टन, प्रति कोयता.

गिरणीतल्या मुकादमाचे काय झाले?

मुकादमाकडे वही असणे ही काही उसाच्या फडाचीच खासियत नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांतही भरती जॉबरच्या हातात होती आणि त्याला मुकादमच म्हणत. बायकांच्या खात्यांवर नायकीण असे. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला बदलीवर ठेवायचे, हे तोच ठरवी आणि त्याचे दामही घेई.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढे अर्ज ठेवला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुटी मिळवण्याची लढाई अशी नावानिशी, सहीनिशी सुरू झाली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले. ते गिरण्यांतील वेतन, गैरहजेरी आणि राहणीचा खर्च यांचे आकडे नियमाने प्रसिद्ध करू लागले. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने जॉबरच्या भरतीच्या अधिकारावर बोट ठेवले. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत सुरू केली. कार्डधारकाने सकाळी हजर व्हायचे आणि रिकाम्या जागा त्यांतूनच भरायच्या.

यात मालकांचा काही परोपकार नव्हता. दरवाज्यावरची रोजची झुंबड, न शिकलेले हात आणि जॉबरची मनमानी यांनी गिरणीचेच नुकसान होत होते. माणसांची नोंद ठेवणे हे गिरणीच्याही हिताचे होते. कामगारालाही कार्डामुळे एक पुरावा मिळाला, की 'मी या गिरणीचा आहे'.

महाराष्ट्राने पुढे आणखी दोन वाटा शोधल्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाल आणि मालक या दोघांचीही मंडळाकडे नोंद होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी झाल्या. मालक कोणताही असो, हमालाची नोंद पक्की राहिली. दुसरी वाट रोजगार हमीची. १९७२ च्या दुष्काळात तिने मोठे रूप घेतले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या हजेरीपटावर प्रत्येक माणसाचे नाव स्वतंत्र असे. बांधबंदिस्तीच्या कामावर आलेल्या बाईच्या नावापुढे तिचाच अंगठा आणि तिचीच मजुरी.

तेव्हा एक विचित्र चित्र दिसते. बालाघाटावरची बाई उन्हाळ्यात हमीच्या कामावर गेली तर ती एक माणूस. तीच हिवाळ्यात फडावर गेली तर अर्धा कोयता.

१९७९ मध्ये केंद्राने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. त्यात ठेकेदाराची नोंदणी आणि कामगाराला छायाचित्रासह पासबुक देण्याची तरतूद होती. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडचे कुटुंब बेळगावकडे गेले तर कायद्याच्या कक्षेत, कोल्हापूरला गेले तर बाहेर. (या कायद्याची जागा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली.)

हिशेब करून पाहू

महाराष्ट्रात ऊसतोड कामगार किती? आठ लाख, दहा लाख, बारा लाख, पंधरा लाख असे वेगवेगळे अंदाज भाषणांत आणि अहवालांत आढळतात. इतका फरक का पडावा? आपण स्वतःच अंदाज काढून पाहू. वर्गात हा चांगला उपक्रम होतो.

२०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला. हंगाम १६० दिवसांचा धरला तर रोजचे गाळप ८.२५ लाख टन येते. एका जोडीची रोजची तोड दोन टन धरली तर ४.१२५ लाख कोयते, म्हणजे ८.२५ लाख माणसे लागतात. पण जोडीची तोड दीड टन धरली तर ५.५ लाख कोयते, म्हणजे ११ लाख माणसे. अर्ध्या टनाच्या गृहीताने पावणेतीन लाख माणसांचा फरक पडला! यातून तोडणी यंत्रांनी कापलेला ऊस वजा करावा लागेल. आजारपण, पाऊस, गाडीची वाट पाहण्यात गेलेले दिवस धरून माणसे वाढवावी लागतील. मुलांचे काम कुठे धरायचे हा प्रश्न राहीलच. तात्पर्य, आठ आणि पंधरा लाख यांपैकी कोणीच खोटे बोलत नसेल. प्रत्येकाने टनांवरून माणसे काढली आहेत, माणसे मोजलेली नाहीत.

अंदाजावर चालण्याची किंमत त्याच हंगामात मोजावी लागली. ऊस विक्रमी होता, राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली. पण तोडणारे हात पुरले नाहीत. हंगाम जूनपर्यंत लांबला. मराठवाड्यात ऊस उभाच वाळू लागला, उन्हाच्या कडाक्यात टोळ्या घरी परतू लागल्या. मे २०२२ मध्ये गेवराई तालुक्यातील एका शेतकऱ्याने न तुटलेला ऊस पेटवून आत्महत्या केली. साऱ्या महाराष्ट्राला कोयते पुरवणाऱ्या बीड जिल्ह्यातच ऊस तोडायला कोयता मिळाला नाही. उसाचे क्षेत्र किती वाढले याची नोंद लागणीपासून होती. ते तोडायला किती माणसे येतील, त्यांतली किती थकली, किती दुसऱ्या कामाकडे वळली, याची नोंद नव्हती. सहकारी संस्था टिकवायची तर भांडवल आणि यंत्रे यांच्याइतकीच ही माहिती लागते, हा त्या वर्षाचा धडा आहे.

एक आकडा, ८२,३०९

न मोजल्याची याहून जड किंमत बायकांच्या देहाने दिली.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी वृत्तपत्रांतून पुढे आली. विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे १६.८ टक्के, सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के होते.

आकड्यांच्या अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसतील तर थेट तुलना पुरती खरी नसते; वयानुसार गट पाडून तुलना करायला हवी. पण ही सावधगिरी बाळगूनही १७ आणि ३ यांतील अंतर डोळ्यांआड करता येत नाही.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. फडावर संडास नाही, न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही. त्यातून होणारे संसर्ग. पाळीच्या दिवसांतही सुटी नाही, कारण खाडा पडतो आणि खाडा जोडीला पडतो. डोक्यावरचे ओझे. उचलीचे दडपण. आणि शेवटी 'पिशवी काढून टाका, कटकट जाईल' असा सल्ला. पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत लागू करण्यात आली.

या शस्त्रक्रिया कोणी लपवल्या नव्हत्या. प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदवहीत त्या होत्या. प्रत्येक घराला आपली गोष्ट ठाऊक होती. पण रुग्णालयाच्या नोंदीत 'व्यवसाय' नव्हता आणि कारखान्याच्या नोंदीत 'बाई' नव्हती. दोन वह्या कधी एकमेकींशेजारी ठेवल्या गेल्या नाहीत, म्हणून वर्षानुवर्षे हा आकृतिबंध कोणाला दिसला नाही. कोयता हे एकक धरले की त्यातल्या अर्ध्या भागाचे दुखणे दिसण्याची सोयच राहत नाही.

नोंदणीची सुरुवात

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हंगाम संपत आला होता. माणसे फडावरच अडकली. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने त्यांना गावी परत जाऊ देण्याचा निर्णय केला, तेव्हा ३८ कारखान्यांच्या ठिकाणी सुमारे १ लाख ३१ हजार ५०० कामगार असल्याचे सांगण्यात आले. ज्याला घरी पाठवायचे त्याचे गाव ठाऊक असावे लागते, आणि आरोग्यतपासणी कोयत्याची नव्हे, माणसाचीच करावी लागते. साथीने काही दिवसांपुरते का होईना, एकक बदलायला लावले.

दिवंगत गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याणकारी महामंडळ स्थापण्याचा विचार बरीच वर्षे चालला होता. २०२१ मध्ये त्याला निधीचा आधार मिळाला. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये द्यायचे आणि शासनाने तितकीच भर घालायची, असे ठरले. ऊसतोड करणाऱ्यांची गावात नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांवर सोपवण्यात आले. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली.

येथेही आपला हिशेब उपयोगी पडतो. १,३२० लाख टनांवर टनामागे १० रुपये म्हणजे १३२ कोटी रुपये, सर्व कारखान्यांनी पूर्ण भरणा केला असे धरून. माणसे ८.२५ लाख असतील तर माणशी १,६०० रुपये, ११ लाख असतील तर १,२०० रुपये. छेद माहीत नसेल तर निधी पुरेसा आहे की नाही हेही सांगता येत नाही.

नोंदणीची जागा बदलली, हे या व्यवस्थेचे महत्त्व. वही मुकादमाच्या खिशातून ग्रामपंचायतीत आली आणि ओळखपत्र माणसाच्या नावावर आले. पण नोंद झाली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. याद्या अपुऱ्या राहतात, जुन्या होतात. शिवाय यादी हे दुधारी हत्यार आहे. कोणावर किती उचल आहे, कोणती बाई आजारी आहे, ही माहिती चुकीच्या हाती पडली तर तीच माणसाला बांधून ठेवायला वापरता येते. म्हणून मोजायचे काय, याइतकाच मोजलेले कोणाकडे राहणार आणि मोजला गेलेला माणूस ते पाहू शकणार का, हा प्रश्न मोठा आहे.

शिक्षकांच्या हातातली नोंद

या इतिहासात शिक्षक दोन ठिकाणी येतात.

पहिले ठिकाण हजेरीपत्रक. बालाघाटावरच्या कित्येक शाळांत दिवाळीनंतर पट गळतो. १९९० च्या दशकात काही संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर भर नियमित शाळेवर आला. गावातच हंगामी वसतिगृहे चालवून मुलांना मागे ठेवण्याचा आणि जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देण्याचा प्रयत्न झाला. कोणते मूल कोणत्या तारखेला गेले, कोणत्या जिल्ह्यात गेले आणि केव्हा परतले, या तीन रकान्यांची वही शाळेत नीट ठेवली तर गावच्या स्थलांतराची इतकी विश्वासार्ह नोंद दुसरीकडे मिळणार नाही. मूल एकटे जात नाही. त्याच्या मागे घर असते.

दुसरे ठिकाण जनगणना. प्रगणक म्हणून घरोघर फिरणारे बहुतेक शिक्षकच असतात. २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा, की त्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेला माणूस घरी मोजायचा नाही; तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगामाचा भर. तेव्हा शिरूर कासारच्या कुटुंबाची गणना शिरोळच्या नाहीतर माळशिरसच्या फडावर व्हायची होती. तिथल्या प्रगणकाला पालांची वस्ती दिसली तर ते मोजले गेले. ऊस तोडून टोळी मधेच पुढच्या शिवारात हलली असेल तर काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

२०२१ ची जनगणना लांबली. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरवला. लडाख आणि हिमालयातील बर्फाच्छादित भागांसाठी मात्र तो १ ऑक्टोबर २०२६ आहे, कारण फेब्रुवारीत तिथे पोहोचता येत नाही. बर्फाचा ऋतू जनगणनेला कळतो. उसाचाही ऋतू असतो, आणि बालाघाटावरच्या गावांना तो बर्फाइतकाच रिकामे करतो. तारीख बदलणे आपल्या हाती नाही. पण फडावर पोहोचलेला प्रगणक कोपीच्या दारात 'कोयते किती?' असे न विचारता 'माणसे किती?' असे विचारू शकतो, आणि बाईचे नाव, वय, काम वेगळ्या ओळीत लिहू शकतो.